ढोलकपूरचे ऑडिटर

सकाळी सव्वासातला दूध आत घ्यायला मी दार उघडतो, तेव्हा समोरच्या दारात आप्पा उभे असतात. अंगात बाह्यांचा बनियन, कपाळावर सरकवलेला चष्मा आणि हातात टॅबलेट.

"मास्तर, जरा इकडे या. छत्तीस लाडू कमी भरतायत."

पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणाकडे तरी कार्य आहे आणि आचाऱ्याने घोळ घातलाय. "कुणाची मुंज?" मी विचारलं. बिनसहीचं प्रमाणक पाहावं तसं आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "ढोलकपूरचा हिशेब सांगतोय," ते म्हणाले.

(मी मास्तर नाही. दोन-चार दिवाळी अंकांत लिहिलंय, तेवढ्यावर आप्पांनी मला ही पदवी बहाल केली आहे. लिहिणारा माणूस एकतर मास्तर असतो नाहीतर ऑडिटर. तिसरी जात त्यांना ठाऊक नाही.)

आप्पा चौतीस वर्षं स्थानिक निधी लेखापरीक्षण खात्यात होते. हे खातं सहसा कुणाला माहीत नसतं. माहीत असतं ते ग्रामसेवकांना, तेही झोपेतून दचकून उठण्यापुरतं. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका यांच्या कीर्दी तपासायच्या, प्रमाणकं मोजायची आणि जे जुळत नाही त्यावर आक्षेप काढायचा. आक्षेपाला खात्यात 'पॅरा' म्हणतात. पॅरा निघाला की त्याचं अनुपालन यायचं असतं. ते येत नाही. आप्पांनी १९८९ साली कुठल्याशा पंचायत समितीत एका हातपंपावर काढलेला पॅरा ते निवृत्त झाले तेव्हाही उभा होता. "हातपंप भंगारात गेला, पॅरा उभा आहे," हे ते ज्या सुरात सांगतात त्यात अभिमान किती आणि दुखणं किती, याचा ताळमेळ मला अजून लागलेला नाही.

निवृत्त होऊन ते पुण्याला सिंहगड रोडवर मुलाकडे राहायला आले आणि चार महिन्यांत आमच्या सोसायटीच्या खजिनदाराने प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. त्यानंतर आप्पांना काम उरलं नाही. अशा बेकार दिवसांत त्यांची सून सहज म्हणून गेली, "आप्पा, चिनू गेम मागतोय. त्याला कुठला द्यायचा ते जरा तपासून द्याल का? तुम्ही घरीच असता."

तपासून! लेखापरीक्षकाला हा शब्द म्हणजे पदस्थापनेचा आदेश. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आली, तिला लाल शाईने समास आखले गेले आणि रकाने पडले: गेमचे नाव, मूळ मालिका, मालक, आक्षेप, वसूलपात्र रक्कम, शेरा.

आता, टीव्हीवरच्या मालिकेवरून केलेला गेम तपासायचा तर मूळ दस्तऐवज पाहायला हवा, म्हणजे मालिका. म्हणून आप्पा सकाळी अकरा ते एक पोगो वाहिनी पाहू लागले. काकूंची विठ्ठलाची मालिका त्यामुळे पुनःप्रक्षेपणावर गेली. आठवडाभरात आप्पा ढोलकपूरच्या गावकीत पूर्ण मुरले. तिथला नायक छोटा भीम हा हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचा, राजीव चिलका यांनी घडवलेला, २००८ सालापासून पोगोवर आहे. त्याच्या नावाने 'स्पीड रेसिंग' वगैरे गेम काढले ते मुंबईच्या नझारा कंपनीने. हे सगळं वहीत 'मालक' या रकान्यात आलं. मोटू-पतलू मूळचे 'लोटपोट' नियतकालिकातले, टीव्हीवर आले २०१२ साली, राहणार फुरफुरी नगर. आप्पांनी सगळ्यांचे कायमचे पत्ते लिहून ठेवले आहेत.

मग गेम सुरू झाले आणि पॅरे निघू लागले.

"मास्तर, मालिकेत भीम लाडू खातो आणि त्याला बळ येतं. बरोबर? म्हणजे लाडू ही खर्ची पडणारी बाब. इथे गेममध्ये तो पळता पळता लाडू नुसता गोळा करतो. खात नाही! तीनशे, चारशे, हजार लाडू. साठा कुठे आहे? नोंदवही कुठे आहे? नाशवंत माल आहे हो. लाडूवाली टुनटुन मौसी उद्या म्हणाली की माझे हजार लाडू कुठायत, तर राजा इंद्रवर्मा काय उत्तर देणार?"

मी म्हटलं, "तो गेम आहे आप्पा."

"हातपंपाच्या वेळीही बीडीओ असंच म्हणाला होता."

रेसिंगच्या गेमवर त्यांचा आक्षेप अधिक गंभीर होता. ढोलकपूरला राजा आहे, महाल आहे, भालेवाले शिपाई आहेत. मग भीमाच्या हाती गाडी आली कुठून? आणि आली तर आली, तिचं लॉगबुक कुठाय? सरकारी जीप वापरणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला आयुष्यभर छळलेला प्रश्न आप्पांनी नऊ वर्षांच्या, केशरी धोतरातल्या मुलालाही सोडला नाही.

पण आप्पांचा खरा आनंद होता तो परदेशी मालिकेत. 'पॉ पेट्रोल' ही कॅनडाची मालिका २०१३ साली आली. ॲडव्हेंचर बे नावाचं एक टुमदार गाव आहे, तिथे काहीही अडलं की सहा कुत्र्यांचं पथक धावून येतं: एक पोलीस, एक अग्निशमनवाला, एक बांधकामवाला असे. त्यांचा म्होरक्या रायडर नावाचा दहा वर्षांचा मुलगा. गावच्या महापौर बाई पर्समध्ये कोंबडी घेऊन फिरतात. आप्पांनी हे पाहिलं आणि त्यांची कानशिलं तापली. अख्ख्या नगरपालिकेची अत्यावश्यक सेवा दहा वर्षांच्या मुलाकडे! निविदा नाही, ठराव नाही, तांत्रिक मंजुरी नाही. बांधकामवाला रबल नावाचा बुलडॉग रस्ता उकरतो, पूल बांधतो. मोजमाप पुस्तक कुणी भरलं? "आणि कोंबडी," आप्पा आवाज खाली आणून म्हणाले, "कोंबडीचा खुराक कुठल्या शीर्षाखाली टाकतात, ते पाहायला हवं."

या मालिकेवरचा 'ऑन अ रोल' हा २०१८ सालचा गेम चिनूच्या मामाकडे होता. एका रविवारी आप्पा तो चार तास खेळले. परत आले ते गप्प. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "मी मुद्दाम कुत्रा खड्ड्यात पाडला. तीनदा. काही होत नाही मास्तर. पुन्हा तिथेच उभा राहतो, शेपटी हलवत. या गेममध्ये हरताच येत नाही."

मला वाटलं त्यांना याचा राग आला असेल. तसं काही दिसलं नाही. पुढल्या रविवारी ते जेवणाच्या आधीच मामाकडे गेले.

लहान मुलांसाठी गेम करणाऱ्यांची अडचण तशी जुनीच आहे. अटारीने १९८३ साली 'सेसमी स्ट्रीट'वरचे गेम काढले, तेव्हा चिमुरड्यांच्या हातांना जॉयस्टिक झेपायची नाही म्हणून मोठाल्या बटणांचा वेगळा कंट्रोलर केला होता. त्यातल्या एका गेममध्ये तो निळा केसाळ कुकी मॉन्स्टर चक्रव्यूहात बिस्किटं गोळा करत हिंडतो. (तीच मंडळी आपल्याकडे २००६ मध्ये 'गली गली सिम सिम' होऊन आली.) बिस्किटांपासून लाडवांपर्यंत कल्पना काही फार पुढे सरकलेली नाही: ओळखीचा चेहरा, खाण्याची वस्तू आणि ती गोळा केली की टुण्णकन आवाज. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "त्या कंट्रोलरची बटणं केवढी होती? इथे माझा अंगठा भीम सोडून दुसरंच काहीतरी दाबतो."

त्यांचा मुलगा हे सगळं ऐकतो आणि ताटाकडे बघत हसतो. तो हसणारच. त्याच्या लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'डकटेल्स' लागायचं. कुठूनसा त्याने स्वस्तातला व्हिडिओ गेम पैदा केला होता, टीव्हीला जोडायचा, वर पिवळी कॅसेट खोचायची. 'डकटेल्स'चा गेम जपानच्या कॅपकॉमने १९८९ मध्येच काढला होता. त्यात स्क्रूजकाका हातातल्या काठीवर स्प्रिंगसारखे टुणटुण उड्या मारत खजिना जमवतात. त्या गेमची कॅसेट मिळवण्यासाठी पोराने दोन महिन्यांचा खाऊ वाचवला. आणि सहामाही परीक्षा जवळ आली तसा आप्पांनी गेमचा ॲडॅप्टर जप्त करून कपाटाच्या तिजोरीत ठेवला, पावती न देता. तो मार्च संपेपर्यंत तिथेच होता, काकूंच्या पाटल्यांशेजारी.

त्या काळातही आप्पांनी एक लेखापरीक्षण केलं होतं, हे मात्र काकूंनी मला परवा सांगितलं. पोराकडे आणखी एक कॅसेट होती, तिच्यावर छापलं होतं: '९९९९९९ इन १'. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम! एवढा मोठा आकडा आणि तोही पडताळणीविना! आप्पा रात्री दहाला मोजायला बसले. यादीचं एकेक पान पुढे सरकवत पहाटे तीनपर्यंत त्यांनी सिद्ध केलं की बावीस गेमनंतर तेच बावीस वेगळ्या नावांनी परत येतात. दुसऱ्या दिवशी लेखी टिपण घेऊन ते दुकानात हजर. दुकानदार सज्जन होता. त्याने टिपण पूर्ण वाचलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ते आकडे म्हणजे डिझाइन आहे."

"पण रात्री तीनपर्यंत तुम्ही नुसते मोजतच होता का?" मी आप्पांना विचारलं.

"बावीसही चालवून पाहावे लागले. नावावर विश्वास ठेवता येत नाही," आप्पा म्हणाले आणि काकूंनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

आता चिनूबद्दल सांगायला हवं, कारण कागदोपत्री हे सगळं त्याच्यासाठी चाललं आहे. चिनू पाच वर्षांचा. आप्पांनी मंजूर केलेल्या गेममध्ये त्याला भीमाला पळवायचं असतं, पण पळवत कुठे नेतो? तर थेट पाण्यात. भीम पाण्यात पडला की एक गुडूप असा आवाज येतो. तो आवाज चिनूला फार आवडतो. तो भीमाला पुन्हा उभा करतो आणि पुन्हा पाण्यात घालतो. वीस वेळा. पंचवीस वेळा. चिखलात दगड टाकणारं पोर जसं दगडाचा हिशेब ठेवत नाही, तसं त्याचं लाडवांकडे लक्षच नसतं. आप्पा शेजारी बसून कळवळतात. "अरे, उडी मार! डावीकडे लाडू आहेत डावीकडे! अरे सोन्या, तीन लाडू गेले!" गुडूप. चिनू खिदळतो. पाच मिनिटांनी त्याचा रस संपतो, तो टॅबलेट सोफ्यावर टाकून खालच्या पार्किंगमध्ये सायकल आदळायला जातो, आणि आप्पा "आता हे अर्धवट कसं ठेवायचं" म्हणत ती पातळी पुरी करायला बसतात. पातळी पुरी व्हायला दुपारचा चहा होतो.

ते छत्तीस लाडू कुठे गेले तेही सांगून टाकतो. आप्पांनी रात्री झोपताना ४१२ लाडू मोजून ठेवले होते, सकाळी शिल्लक ३७६. गेमचं नाव मी सांगत नाही, कारण अहवाल गोपनीय असतो. अफरातफरीचा संशय आधी गेमवाल्यांवर, मग सुनेवर, मग माझ्यावरही येऊन गेला. चौकशीअंती निघालं की चिनूने लवकर उठून जग्गू माकडाला टोपी घेतली होती.

"मंजुरी कुणाची?" आप्पांनी विचारलं.

"माझी," चिनू म्हणाला.

"कारण?"

"त्याला ऊन लागत होतं."

आप्पांनी बराच वेळ त्या उत्तरावर विचार केला. मग वहीत लिहिलं: खुलासा समाधानकारक, पॅरा वगळण्यात यावा. चौतीस वर्षांत इतक्या झटपट अनुपालन आल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

पैशांचा विषय निघाला की मात्र आप्पा हळवे राहत नाहीत. एकदा दुसऱ्याच कुठल्याशा गेममध्ये ८९ रुपयांत हिऱ्यांची थैली विकायला आली. चिनू आप्पांच्या मांडीवर येऊन लाडात म्हणाला, "आप्पा, तुमच्या मेसेजमधले सहा आकडे वाचून दाखवा ना. मला आकडे शिकायचेत." आप्पा विरघळले होते. चार आकडे सांगून झाले होते. पाचव्या आकड्याला खात्यातलं रक्त जागं झालं. तेव्हापासून ते फोन उशीखाली घेऊन झोपतात.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी अमेरिकेतली गोष्ट सांगितली. तिकडे मुलांनी आईबापांच्या नकळत गेममध्ये खरेद्या केल्या, तक्रारी गेल्या, आणि २०१४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲपलला ग्राहकांचे किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायला लावले. आप्पा खुर्चीतून उठले.

"परत केले?"

"हो."

"म्हणजे वसूलपात्र रक्कम... वसूल झाली?"

"झाली."

ते गॅलरीत जाऊन काही वेळ नुसते उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "मास्तर, तुम्ही हे मला लेखी द्या."

गेल्या वर्षी आप्पा आणि काकू लेकीकडे ब्रिस्बेनला तीन महिने राहून आले. ब्रिस्बेन म्हणजे 'ब्लूई'चं माहेर. ती निळी कुत्री आणि तिचं घरदार तिथल्याच लुडो स्टुडिओने २०१८ साली जन्माला घातलं. तिच्यावरचा व्हिडिओ गेम २०२३ च्या नोव्हेंबरात आला आणि तो चौघांना एकाच पडद्यावर खेळता येतो: आई, बाबा, ब्लूई आणि धाकटी बिंगो. नातीने वाटणी केली. ती ब्लूई, तिची आई बिंगो, काकू आईच्या, म्हणजे चिलीच्या भूमिकेत, आणि आप्पा बँडिट, म्हणजे बाबा. काकूंनी आयुष्यात प्रथमच हातात कंट्रोलर धरला आणि पहिल्या दहा मिनिटांत त्या भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. पण फुगा खाली पडू न देण्याच्या खेळात त्यांनी आप्पांना मागे टाकलं, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. चार भागांची गोष्ट एका संध्याकाळी संपली. आप्पा आता पुढचं काय म्हणून बघतायत तोवर नात म्हणाली, "अगेन!" तीन महिन्यांत ती गोष्ट चाळीस वेळा तरी झाली. चाळिसाव्या वेळीही फुगा तिला नवाच होता. आप्पा सांगतात, ब्रिस्बेनमध्ये ते जेवढे हिंडले त्याहून जास्त त्या कुत्र्यांच्या घरात हिंडले. कुठल्या खोलीत काय आहे ते आजही डोळे मिटून सांगतील. लेखापरीक्षणाची वही ते सोबत घेऊन गेले होते. विमानतळावरून परत आली तेव्हा त्यातलं ब्लूईचं पान कोरं होतं.

"आक्षेप नाही?" मी विचारलं.

"पाहुण्यांच्या घरी काढायचे नसतात," आप्पा म्हणाले.

सर्वांत जास्त मात्र त्यांचा जीव जडला तो डोरावर. पाठीला दप्तर लावलेली ही मुलगी २००० सालापासून हिंडते आहे आणि तिची एक लकब प्रसिद्ध आहे. ती पडद्यातून थेट तुमच्याकडे बघून प्रश्न विचारते, पूल कुठे आहे, आणि मग थांबते. टीव्हीवर ती ठरावीक सेकंद थांबून पुढे जाते, तुम्ही काहीही म्हणा. गेममधली डोरा तशी नाही. तुम्ही पुलावर बोट ठेवेपर्यंत ती डोळ्यांची उघडझाप करत वाट बघते. एका दुपारी मी साखर मागायला गेलो, तर घरात सामसूम. चिनू शाळेत, काकू झोपलेल्या, आणि आप्पा एकटेच टॅबलेटपुढे बसलेले. डोराने काहीतरी विचारलं होतं. आप्पांना उत्तर माहीत होतं, पूल चांगला पडद्याभर दिसत होता. पण ते बोट ठेवत नव्हते. ती वाट बघत होती आणि ते तिच्याकडे बघत होते.

मला पाहून ते दचकले. "थांबते हो," एवढंच म्हणाले आणि साखर आणायला उठले.

या जूनमध्ये चिनू पहिलीत गेला. भीम आता 'बाळांचा' झाला. त्याला क्रिकेटची बॅट हवी आहे आणि पार्किंगमधल्या मोठ्या मुलांनी त्याला टीममध्ये घ्यायला हवं आहे. सुनेने तरीही खबरदारी म्हणून टॅबलेटला कुलूप लावलं: दिवसाला पंचवीस मिनिटं, मग पडदा बंद. पुन्हा उघडायचा तर चार आकड्यांचा पिन. तो पिन तिला, तिच्या नवऱ्याला आणि, तिच्या बोटांकडे बारकाईने पाहून, चिनूला ठाऊक आहे. आप्पांना ठाऊक नाही.

काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. टॅबलेट बंद पडला. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चिनू दारात एका पायात बूट घालत होता.

"चिनोबा," आप्पा म्हणाले, "दहा मिनिटं मुदतवाढ हवी होती."

चिनूने दुसरा बूट शोधता शोधता विचारलं, "कशाला?"

"एक लाडू राहिलाय. अगदी पुलाजवळ. तेवढा घेतला की हिशेब पुरा होतो."

चिनूने विचार केला. आजोबांच्या मांडीवर बसून त्याने दोन वर्षांत बरंच काही ऐकलं होतं.

"कारण सबळ नाही," तो म्हणाला. "उद्या लेखी द्या."

आणि बॅट घेऊन जिना उतरत गेला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी हात लांब करून वही ओढली, लाल पेन बाजूला ठेवून निळं घेतलं आणि कोऱ्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घातली.